मनी माळ्यावरून खाली येईल, पण तिच्या पावलांनी

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते.

"आमची मनी ११ वर्षांची आहे. लेक चौथीत होती तेव्हा आली, तेव्हापासून घरात ती एकटीच मांजर. दहा दिवसांपूर्वी लेकीने सोसायटीच्या पार्किंगमधून पावसात भिजलेलं पिल्लू उचलून आणलं. दोनेक महिन्यांचं असेल, बोका आहे, नाव ठेवलंय चिकू. मनीला सोबत होईल, ती त्याला आईसारखी जवळ घेईल असं वाटून आम्ही त्याला थेट तिच्यासमोर ठेवलं. ती फिस्कारली, एक पंजा मारला आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर जाऊन बसली. तेव्हापासून ती तिथेच. रात्री सगळे झोपले की उतरते, थोडं खाते, परत वर. माझ्या अंथरुणावर दोनदा शू केली. हाक मारली तर मान फिरवते. यजमान म्हणतात, होईल हळूहळू सवय. सासूबाई म्हणतात, एकाला कुठेतरी सोडून या. मला रात्री झोप लागत नाही. अकरा वर्षं जिने जीव लावला तिच्याशी मी दगा केला का? की मनीच हट्टी आहे? टू बीएचके घर आहे. काय करू?"

ताई,

आधी तुमच्या झोपेचं बोलते. तुम्ही दगा केलेला नाही आणि मनी हट्टी नाही. भिजलेलं पोर उचलून घरी आणावंसं वाटणारी लेक तुमच्याच घरात वाढली आहे, त्याचा आनंद माना. चूक झाली ती एवढीच, की पिल्लाला पहिल्याच दिवशी मनीच्या पुढ्यात ठेवलं. बहुतेक घरांत हेच होतं. ही चूक सुधारता येते आणि दहा दिवसांत काही फार उशीर झालेला नाही. फक्त आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

जरा मनीच्या जागी बसून बघा. मांजर घर ओळखतं ते नाकाने. फ्रिजच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला, तुमच्या पोटरीला ती गाल घासत जाते ते नुसतं लाडात येऊन नाही. तिच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर, पंजांत, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. अकरा वर्षं रोज घरभर फिरून तिने आपला वास ठिकठिकाणी लावून ठेवलाय. तो वास आला की तिचं अंग सैल पडतं. आणि एका संध्याकाळी त्या घरात एक अनोळखी बोका आला, तिच्या सतरंजीवर लोळला, तिच्या वाटीत तोंड घातलं, घरातल्या प्रत्येक माणसाच्या हाताला त्याचा वास लागला. तुम्ही हाक मारता तेव्हा ती मान फिरवते ना? तुमच्या हाताला चिकूचा वास येत असतो, ताई. तिच्या दृष्टीने तिचं घरच हरवलंय, आणि ज्या माणसाकडे धाव घ्यायची त्यालाही परका वास येतोय.

आपण म्हणतो, रुसली, जळते, सूड उगवते. हे शब्द माणसांसाठी ठेवा. घरातली मांजरं आफ्रिकी रानमांजरापासून आली आणि तो एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारा प्राणी. धान्याच्या कोठारांपाशी उंदीर वाढले, त्यांच्या मागे मांजरं माणसाजवळ आली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. इतकी वर्षं आपल्याजवळ राहूनही कळपातल्या प्राण्यांसारखी "तू मोठी, मी धाकटा" अशी रीत त्यांच्यात रुजलेली नाही. नको असलेला कोणी समोर आला की बहुतेक मांजरं लांब निघून जातात. फ्लॅटमध्ये लांब म्हणजे कुठे? माळा. मनीने एक पंजा मारला आणि भांडण न वाढवता तिथून निघून गेली. अकरा वर्षांच्या मांजरीकडून याहून समंजस वागणं मी मागणार नाही.

ती आईसारखी जवळ घेईल ही अपेक्षाही सोडून द्या. अकरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबाने साठीची बाई. ती झोपली असताना कुणीतरी शेपटीवर झडप घालतो, पळाली तर पाठलाग करतो. चिकूचं वयच तसं आहे, त्याचाही दोष नाही. पण साठीच्या बाईला ते रोज सोसायला लावू नका.

आता कामाचं. आणि सगळ्यात पहिलं काम डॉक्टरचं.

अंथरुणावर शू केली हे वाचून मी थबकले. ते मनाच्या त्रासाने होतं हे खरं. तुमच्या अंथरुणाला तुमचा सगळ्यात दाट वास असतो, जागा उंच आणि मऊ असते, आणि शू-शीच्या ट्रेपाशी जाताना चिकू वाटेत दबा धरून बसत असेल तर ती तिथे जाणारच नाही. पण अकरा वर्षांच्या मांजरीत मूत्राशयाची सूज, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, सांधेदुखी यांतलं काहीही असू शकतं, आणि मांजरं दुखणं फार लपवतात. लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घ्या. तोपर्यंत स्वभावाचं निदान आपण घरी बसून करायचं नाही. आणखी एक लक्षात ठेवा: एखादं मांजर पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल तर थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेततं, आणि गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. मनी रात्री खाते हे उत्तम आहे, पण किती खाते ते मोजा. वाटीत घालताना वजन करा, सकाळी उरलेलं तोला.

चिकूलाही न्यायचंय. जंत, पिसवा, कानातले बारीक किडे, गजकर्ण, सर्दी, पार्किंगमधलं पिल्लू यातलं काहीही घेऊन येतं. गजकर्ण तर तुम्हालाही होऊ शकतं. सगळ्यात भीती पॅनल्यूकोपेनियाची. जुलाब-उलट्यांनी पिल्लं दोन दिवसांत जातात, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकून राहू शकतो. मनीची लस शेवटची कधी दिली होती ते कार्ड काढून बघा. अकरा वर्षं घराबाहेर न पडलेल्या मांजरींची लस बऱ्याच घरांत राहून जाते. चिकूची तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यायची असते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या दोन विषाणूंची रक्ततपासणीही विचारा.

हे मी इतकं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. माझा बाळ्या तेरा वर्षांचा होता तेव्हा मी ठकीला आणलं. तीही रस्त्यावरचीच. मी तिला त्याच संध्याकाळी घरभर फिरू दिलं, कारण ती इतकी केविलवाणी दिसत होती की दार लावून घ्यायचा मला धीर झाला नाही. पाचव्या दिवशी बाळ्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. वास येईना म्हणून त्याने खाणं सोडलं. नऊ दिवस मी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेत होते आणि सुईशिवायच्या सिरिंजने तोंडाच्या कोपऱ्यातून पातळ खाणं भरवत होते. प्रत्येक वेळी तो डोळे मिटून घ्यायचा. तो वाचला, पण ते नऊ दिवस माझ्या हलगर्जीपणाने त्याच्या वाट्याला आले. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी पहिलं वाक्य हेच सांगते: नवीन पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत.

तर आज संध्याकाळीच चिकूला लेकीच्या खोलीत हलवा आणि दार लावा. त्याचा ट्रे, पाणी, वाटी, झोपायला पुठ्ठ्याचं खोकं, खेळणी, सगळं तिथे. वेगळं चिकूला ठेवायचं, मनीला नाही. खोलीत कोंडून घालायचं ते मनीला असं बरेच जण करतात, कारण पिल्लू गोड असतं आणि म्हातारी कुरकुरते. त्याने सगळंच बिघडतं. बाकी घर मनीचं, जसं होतं तसं. चिकूवर अन्याय होतोय असं लेकीला वाटेल. तिला सांगा, इतक्या लहान जिवाला एक खोली पुष्कळ होते, उलट मोठ्या घरात तो घाबरून वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसेल. आणि रात्री लेक त्याच्याजवळच आहे.

मनीला माळ्यावरून ओढून काढू नका. स्टूल चढून कुणी तिच्या अंगाला हात घालायचा नाही. माळ्याखाली एक स्टूल आणि ओटा अशी पायरी करून ठेवा, म्हणजे उतरताना या वयात गुडघ्यांना हिसका बसणार नाही. पाण्याची वाटी आणि थोडं खाणं वरच ठेवा. रोज वाटी एक पायरी खाली. घाई नको. चिकूच्या खोलीतून आलात की हात साबणाने धुवा, जमलं तर कुर्ता बदला, मग मनीकडे जा. तिच्याकडे टक लावून बघू नका, बाजूला बसून भाजी निवडा, फोनवर बोला, तिच्या नावाने अधूनमधून हळू हाक मारा आणि डोळे सावकाश मिटून उघडा. एक दिवस ती येऊन तुमच्या पावलाला नाक लावेल. तेव्हाही हात पुढे करू नका. तिला हुंगू द्या.

ट्रेचा हिशोब साधा आहे: जितकी मांजरं त्याहून एक जास्त. तुमच्याकडे तीन. तिन्ही ओळीने एकाच बाल्कनीत ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे, म्हणून वेगवेगळ्या जागी ठेवा. मनीच्या ट्रेला झाकण नको, कडा बुटकी हवी, आणि तो कोपऱ्यात असा नको की कुणी दार अडवून बसलं तर तिला सुटकाच नाही. सध्या तिचा एक ट्रे माळ्याजवळच ठेवा, ओट्यापासून जरा लांब. स्वयंपाकघरात ट्रे हे सासूबाईंना आवडणार नाही. त्यांना सांगा, महिन्याभराचाच प्रश्न आहे आणि गादी वाचते.

आणि फिनेल बंद. हे कळकळीने सांगते. आपल्या घरांत लादी पुसायला फिनेल हवंच असतं, पण त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या शरीराला नीट करता येत नाही. मांजर लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते पोटात जातं. ट्रे साध्या साबणाने धुवा. गादीवरची शू आधी जुन्या कापडाने दाबून टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. नुसत्या डिटर्जंटने आपल्याला वास येईनासा होतो, तिला येतच राहतो आणि ती परत तिथेच जाते. सध्या अंथरुणावर दिवसा प्लास्टिकची चादर घाला. डॉक्टरांनी चिकूला पॅनल्यूकोपेनिया सांगितलाच तर मात्र ब्लीच लागेल: एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने धुवायचं, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत दोन्ही मांजरं दुसऱ्या खोलीत.

चिकू खोलीत आहे, मनी खाली येऊन जाऊन आहे, असं झालं की ओळख सुरू करायची. ती टॉवेलने. एक मऊ जुना टॉवेल घ्या, झोपलेल्या चिकूच्या गालांवरून, हनुवटीवरून फिरवा, रात्रभर त्याच्या खोक्यात राहू द्या. सकाळी तो मनीच्या नेहमीच्या वाटेवर, तिच्या वाटीपासून पाच-सहा हात लांब ठेवून द्या आणि आपल्या कामाला लागा. तिच्या नाकाशी धरू नका. ती आधी लांबून मान लांब करेल. मग पोट जमिनीला टेकवत एकेक पाऊल टाकत येईल. नाक टॉवेलला लावेल आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ किंचित उचलून, क्षणभर तशीच थिजून राहील. चेहरा असा होतो की वाटतं काहीतरी कडू लागलं. टाळूत एक खास इंद्रिय असतं, तिथवर ती तो वास नेत असते, समजून घेत असते. मग फिस्कारून निघून जाईल. चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. ज्या दिवशी ती टॉवेल हुंगून न फिस्कारता पुढे जाईल, किंवा त्याच्या कडेला बसून आपले पाय चाटायला लागेल, त्या दिवशी अर्धं काम झालं समजा. तसाच तुमची एखादी जुनी ओढणी मनीच्या गालाला लावून चिकूच्या खोक्यात घाला.

त्यानंतर जागांची अदलाबदल. चिकूला तासभर कोरड्या बाथरूममध्ये ठेवून मनीला त्याच्या खोलीत मोकळं फिरू द्या. ती खाटेखाली जाईल, त्याच्या ट्रेचा वास घेईल, दाराच्या कडेला गाल घासेल. गाल घासला की मला कळवलंत तरी चालेल, इतकी ती मोठी गोष्ट आहे.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. पहिल्या दिवशी मनीची वाटी दारापासून लांब, जिथे ती निवांत खाते तिथे. रोज वीतभर पुढे. ती खाताना थांबून दाराकडे बघत राहिली, कान मागे पडले, तर उद्या वाटी परत मागे. तिच्या आवडीचं काही, उकडलेलं चिकन, सुकटीचा चुरा, फक्त याच वेळी द्यायचं. सुकट खारी असते, म्हणून चिमूटभरच, आणि मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला तर अजिबात नाही. चिकूचा वास आला की चांगलं खायला मिळतं, हे तिच्या डोक्यात बसायला आठवडा लागेल, कदाचित तीन.

पुढची पायरी म्हणजे एकमेकांना बघणं. लेकीच्या खोलीला डासांसाठी जाळीचं दार असेल तर तुमचं नशीब. नसेल तर दाराला मजबूत नायलॉनची जाळी ताणून लावा. आधी लेकीने चिकूला काठीला बांधलेल्या पिसाशी खेळवून चांगलं दमवायचं, पोटभर खायला घालायचं. मग जाळीच्या दोन बाजूंना दोघं, पाच मिनिटं, आणि सगळं शांत असतानाच दार लावायचं. गोंधळ झाल्यावर लावू नका. दोघांपैकी कुणालाही कडेवर घेऊन "बघ, दादा बघ, ताई बघ" करू नका. धरलेल्या मांजराला पळता येत नाही, मग ते बोचकारतं, आणि ते तुमच्याच हाताला.

जाळीशिवायची भेट त्यानंतर. किती दिवसांनी, ते मनी ठरवेल. तेव्हा खोलीत तिला उंचावर जायला जागा हवी आणि दार उघडं हवं. ती फिस्कारली तर तिला ओरडू नका. पाणी उडवू नका. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" एवढंच, आणि चिकूला हे शिकायचं आहे. पंजा मारला, पण नखं आत होती, चिकू मागे सरकून दुसरीकडे गेला, तर छान झालं. थांबवायचं कधी? कान डोक्याला चिकटलेले, नजर हलत नाही, घशातून खोल, लांबणारा आवाज, किंवा चिकू पुनःपुन्हा पाठलाग करतोय आणि मनीला कोपरा सुटत नाहीये. तेव्हा मध्ये उशी किंवा पुठ्ठा घाला. हात घालू नका, मांजराचा चावा दिसतो बारीक पण दात खोल जातो आणि पिकतो. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण चिकूची रेबीजची लस अजून व्हायची आहे.

गणपती जवळ आलेत. तुमच्याकडे बसत असतील तर पाहुणे, ढोल, सारखं उघडं राहणारं मुख्य दार, या दिवसांत पहिली भेट घडवायचा विचारही करू नका. त्या वेळी दोघंही आपापल्या बंद खोलीत बरी. हारातला, गजऱ्यातला दोरा चिकूच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला दोरा आतडी आवळतो आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. भेटीच्या गुच्छात लिलीची फुलं आली तर ती घरातच ठेवू नका, त्यांचा परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतो. खिडक्यांच्या ग्रिलला बारीक जाळी नसेल तर तीही बसवून घ्या. चिकू सध्या ग्रिलच्या गजांतून सहज जाईल.

खाण्याचं थोडक्यात सांगते. दोघांचं खाणं वेगळं, जागा वेगळी. पिल्लांचं खाणं जास्त पौष्टिक असतं, मनी ते खाईल तर फुगेल, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर तिला ते बाधेल. चिकूला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. गाईम्हशीचं दूध नको, जुलाब होतात. आणि कधीही, कुणालाही, ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी नाही. मांजराला ती विषच.

हे सगळं चालू असताना मनीला भरपाई म्हणून नवीन खेळणी, नवीन गादी आणू नका. म्हाताऱ्या मांजरीला नवं काही नको असतं. तिला जुनं परत हवं असतं. सकाळी तुम्ही चहा करताना ती कुठे बसायची? दुपारी कुठल्या खिडकीत ऊन खायची? रात्री तुमच्या पायाशी झोपायची का? त्या जागा, त्या वेळा तिच्या. चिकूला त्या मिनिटांत आणू नका, अगदी महिन्यांनी दोघं एकत्र नांदायला लागल्यावरही नाही. आणि माळा कायमचा तिचा. चिकू वर चढायला शिकेल तेव्हा ती स्टुलाची पायरी कशी अडवायची ते तेव्हा बघू.

चिकूची दंगामस्ती लेकीने अंगावर घ्यायची. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, पूर्ण दमेपर्यंत. कॉलेजमुळे जमत नसेल तर यजमानांना एक पाळी द्या. "होईल सवय" असं म्हणणाऱ्याने ती सवय लावायला हातभारही लावायचा. चार-पाच महिन्यांचा झाला की त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर तो घरभर फवारे मारेल आणि मनीचं पुन्हा पहिल्यासारखं होईल.

सासूबाईंचं म्हणणं टाळू नका, त्याचं खरं उत्तर द्या. कुठेतरी सोडून येणं हा पर्याय नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी घरात वाढलेली अकरा वर्षांची मांजर बाहेर चार दिवस काढू शकणार नाही. पण समजा तुम्ही दोन-तीन महिने हे सगळं मनापासून केलंत, डॉक्टरांनी आजार नाही म्हटलं, आणि तरीही मनी नीट खात नाही, वजन उतरतंय, दिवसभर लपून असते, अंथरुण ओलं करते. तर मग चिकूसाठी दुसरं चांगलं घर शोधा. चिकूसाठी, मनीसाठी नाही. पिल्लाला घर मिळतं आणि ते नव्या घरात रुळतंही. लेक रडेल. तुम्हीही रडाल. तरी त्यात कमीपणा नाही, आणि एका जिवाला पार्किंगमधून उचलून, बरं करून, लस देऊन चांगल्या घरी पोचवलं हे पुण्य कुठे जात नाही.

मला मात्र वाटतं, तुमच्यावर ती वेळ यायची नाही. मनी रात्री उतरून खाते आहे, एका पंजावर थांबली आहे. ही चांगली लक्षणं आहेत. फक्त गळ्यात गळा घालून झोपलेल्या मांजरांचे फोटो डोळ्यांसमोर ठेवू नका. बाळ्या आणि ठकी चार महिन्यांनी एका सतरंजीवर बसायला लागले, मध्ये हातभर अंतर ठेवून, तोंडं दोन दिशांना. ते अंतर बाळ्या असेपर्यंत तेवढंच राहिलं. दुपारी ऊन सरकलं की आधी तो उठायचा, उन्हात जाऊन बसायचा, आणि मग ठकी उठून तेवढंच हातभर अंतर धरून त्याच्यामागे जाऊन बसायची. मला त्या दोघांचं तेवढं पुरलं.

आज रात्री दार लावा, माळ्याखाली स्टूल ठेवा आणि उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या. मनीच्या तपासणीत काय निघालं ते मला लिहा, त्याप्रमाणे खाण्याचं पुढचं सांगते.